पत्ता काय लिहू?

कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या भाजीबाजारावर मागे लिहिलं होतं, त्यात एका वाक्यात ‘पाटी’ येऊन गेल्या होत्या. तुमच्यापैकी दोघीतिघींनी विचारलं, की या पाटी कोण? तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. चेन्नईत आलो तेव्हा माझ्या आईला याची फार गंमत वाटायची. आपल्याकडे पाटी म्हणजे एक तर शाळेतली, नाही तर डोक्यावरची. आता तीही सहज ‘पाटी, साप्टाच्चा?’ म्हणजे ‘आजी, जेवलात का?’ असं विचारते.

तर या पाटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहतात. ‘राहतात’ हा शब्द मी इतके दिवस न अडखळता वापरत होते. तिथे भांड्यांचं एक दुकान आहे, कित्येक महिने बंद. त्याच्या पायरीवर त्यांचं एक गाठोडं, एक स्टीलचा डबा आणि दुमडलेला फ्लेक्स असतो. पहाटे फुलवाल्या बायका आल्या, की पाटी त्यांच्या टोपल्यांपाशी बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडून देतात. त्याचे थोडे पैसे आणि सकाळची इडली मिळते. दुपारी देवळाच्या तळ्याच्या कठड्याला टेकून डुलकी. रात्री पुन्हा पायरी.

महाराष्ट्रात पाऊस ओसरतो तेव्हा इथे सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर आमच्या गल्लीत पाणी साचलेलंच असतं. त्या पाण्यात पाटींच्या टाचेला काहीतरी लागलं, जखम चिघळली, आणि आठ दिवसांनी त्यांना उभं राहता येईना. आमच्या घरमालकीणबाईंना सगळे मामी म्हणतात (मैलापुरात पन्नाशीपुढची बहुतेक प्रत्येक बाई मामीच असते, मामा कुठे आहे हे विचारायचं नसतं). त्या मामी आणि मी पाटींना रिक्षात घालून एका रुग्णालयात घेऊन गेलो.

खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, पत्ता?

पाटी म्हणाल्या, ‘कोविल’. म्हणजे देऊळ.

तो म्हणाला, देवळाचा पत्ता देवाचा झाला, तुमचा सांगा. मागे रांग होती. आधार कार्ड आहे का, रेशन कार्ड आहे का, बरोबर कोण आहे, नातं काय. मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये काहीतरी समजावू लागले तसा तो आणखी चिडला. फॉर्म पूर्ण आणा, मग पुढचं बघू, म्हणाला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. जखमेकडे अजून कोणी पाहिलंही नव्हतं.

मामींनी माझ्या हातातलं पेन घेतलं, स्वतःचा पत्ता लिहिला आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं ‘अत्तै’. म्हणजे आपली आत्याच. आयुष्यात खोटं न बोलणारी, एकादशीला पाणीसुद्धा मोजून पिणारी बाई एका सरकारी कागदावर बेधडक खोटं लिहून मोकळी झाली. पंधरा मिनिटांत पाटी आत होत्या. साखर तपासली, ती भलतीच वाढलेली निघाली. थोडा आणखी उशीर झाला असता तर पाय वाचवणं अवघड होतं, असं आतल्या तरुण डॉक्टरने सांगितलं. तो मात्र फार नीट वागला, हेही सांगायला हवं.

रात्री हे सगळं फोनवर धाकट्या भावाला सांगितलं. तो पुण्यात लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्यामुळे घरातल्या कोणत्याही भांडणात कलम सांगतो. तो म्हणाला, “ताई, ओल्गा टेलिसचा निकाल वाच. तू बीए इंग्लिश आहेस ना, सोपं इंग्रजी आहे.” टोमणा होता, पण मी वाचायला घेतला आणि दोन रात्री त्यातच गेल्या.

हा खटला आपल्या मुंबईचा. १९८१च्या जुलैत, भर पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फूटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी किंवा शहराबाहेर पाठवलं जाईल. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका गेल्या. त्यातल्या एका याचिकेत तीन अर्जदार होते. एक पत्रकार ओल्गा टेलिस, जिच्या नावाने खटला ओळखला जातो. बाकीचे दोघे फूटपाथवर राहणारे. निकालपत्रात त्या दोघांची हकिकत दिली आहे आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली.

त्यातला एक होता सेलमचा. होय, इथून जवळच्याच, तमिळनाडूतल्या सेलमचा. भूमिहीन मजूर. दुष्काळात काम गेलं म्हणून १९६१ मध्ये तो मुंबईला आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत २३ रुपये रोजावर लागला. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फूटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून २५०० रुपये उकळले. म्हणजे फूटपाथसुद्धा फुकट नव्हता! बायको आणि तीन मुली, सगळ्यांत धाकटी पाच वर्षांची. २३ जुलै १९८१ला महापालिकेच्या लोकांनी त्याचं खोपट पाडलं आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवून दिलं. बायको-मुली सेलमलाच राहिल्या. तो कामासाठी पुन्हा मुंबईला आला आणि पुन्हा फूटपाथवरच जागा शोधून राहिला.

दुसरा आपल्या नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचा. जोडे शिवायचा, दिवसाला सात-आठ रुपये सुटायचे. गावातलं घर म्हणावं असं जे होतं ते पडलं, म्हणून १९६९ मध्ये मुंबईला आला, महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लास्टिकला ७०० लागले. १९८०च्या जानेवारीत त्याचं घर पाडलं, त्याने ते पुन्हा बांधलं.

मी मराठी, राहते तमिळनाडूत. म्हणून की काय, सेलमचा आणि संगमनेरचा ही दोन माणसं एकाच कागदावर शेजारी शेजारी बघून मला कसंसंच झालं.

या याचिकेत त्यांची बाजू मांडणाऱ्या वकिलांत इंदिरा जयसिंग होत्या, राणी जेठमलानी होत्या आणि आनंद ग्रोव्हर होते. जयसिंग आणि ग्रोव्हर हे पती-पत्नी. त्याच वर्षी, १९८१ मध्ये, त्यांनी ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ ही संस्था सुरू केली होती. जयसिंगांचं नाव मला माहीत होतं. पुढे त्या देशाच्या पहिल्या महिला अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाल्या. ग्रोव्हरांचं मला माहीत नव्हतं. म्हणून शोधत गेले, तर फूटपाथवरच्या माणसांपासून सुरू झालेली ही वकिली थेट संयुक्त राष्ट्रांच्या आरोग्य हक्काच्या पदापर्यंत गेलेली दिसली. फूटपाथ आणि आरोग्य हे दोन विषय एका माणसाच्या आयुष्यात असे कसे जोडले गेले, याचं मला आश्चर्य वाटलं. मग ती खिडकी आठवली आणि आश्चर्य ओसरलं.

आधी निकाल सांगते. १० जुलै १९८५ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो दिला. लिहिला सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या माणसाने, निवृत्तीच्या आदल्या दिवशी. त्यात म्हटलं, की घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. कारण ज्याचं पोटापाण्याचं साधन काढून घेतलं त्याचं जगणंच काढून घेतल्यासारखं आहे. आणि माणसं फूटपाथवर हौसेने राहत नाहीत. काम जवळ असतं म्हणून राहतात, लांबून यायचं तर वेळ आणि भाडं त्यांना झेपणारं नसतं. फूटपाथ गेला की काम गेलं.

सरकारी बाजूचा एक मुद्दा फार चतुर होता. या लोकांनीच उच्च न्यायालयात कबूल केलं होतं, की फूटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि ठरल्या तारखेनंतर पाडायला हरकत घेणार नाही. मग आता कशाची तक्रार? न्यायालयाने सांगितलं, की मूलभूत हक्क अशा कबुलीने सोडून देता येत नाहीत. घटनेपुढे ‘तू आधी हो म्हणालास’ हे चालत नाही. हे वाचून मी भावाला मेसेज केला, की असं काही घरातसुद्धा लागू करता येईल का?

इथपर्यंत वाचून मी खुशीत होते. पुढची पानं वाचली आणि उतरले. कारण एवढं सगळं म्हणून झाल्यावर न्यायालयाने फूटपाथ मोकळे करायला परवानगी दिली. महापालिकेचं कलम वैध ठरवलं, फक्त एरवी आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, असं सांगितलं. पावसाळा संपेपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत थांबा. आणि १९७६च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली होती त्यांना पर्यायी जागा द्या. वीस वर्षांहून जुन्या वस्त्यांना थोडं संरक्षण मिळालं. पण ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, त्याला पर्यायी जागा कुठून?

“म्हणजे हरलेच की!” मी भावाला म्हटलं. तो म्हणाला, “अशील हरले, मुद्दा जिंकला.” लॉच्या मुलांना अशी वाक्यं पाठ असतात. मुद्दा जिंकला हे खरंच आहे, पुढे कितीतरी निकालांत उपजीविकेच्या हक्काची ही मांडणी वापरली गेली. पण सेलमच्या त्या माणसाला त्या पावसाळ्यानंतर कुठे झोपायला मिळालं असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. मुद्द्यावर काही झोपता येत नाही.

ग्रोव्हरांच्या पुढच्या कामातही हेच पुन्हा दिसतं. १९८९ मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाच्या तरुणाला पोलीस घेऊन गेले. गुन्हा काही नाही. तो रक्तदान करायचा, त्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला होता. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळं डांबून ठेवायची तरतूद होती. वापरात नसलेल्या एका क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस ठेवलं. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात गेली आणि ग्रोव्हर तिचे वकील झाले. डॉमिनिक बाहेर आला, पण न्यायालयाने तो कायदा मात्र वैध ठरवला. पुन्हा हार. डॉमिनिक १९९२ मध्ये गेला. ‘माय ब्रदर निखिल’ हा २००५चा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल, त्याला डॉमिनिकच्याच आयुष्याचा आधार आहे.

१९९७ मध्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयात निकाल बाजूने लागला. एका सार्वजनिक उपक्रमातल्या हंगामी मजुराला एचआयव्ही आहे म्हणून कायम करायचं नाकारलं होतं. काम करायला तो धडधाकट होता. न्यायालयाने सांगितलं, की माणूस काम करण्याजोगा असेल आणि त्याच्यापासून इतरांना मोठा धोका नसेल तर केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही. आणि त्याला नाव न सांगता खटला चालवायची मुभा दिली. निकालपत्रात तो फक्त ‘एमएक्स’ आहे. नाव उघड झालं असतं तर घरमालकाने काढलं असतं, शेजाऱ्यांनी टाकलं असतं. आजारातून बेघर व्हायचा रस्ता असा असतो आणि तो दोन्ही बाजूंनी चालतो. बेघर असलं की आजार, आजार झाला की बेघर. पाटींची साखर रोज फुकट मिळणाऱ्या गोड प्रसादाने वाढली असणार, असं मामींचं म्हणणं आहे. मला ते हसू येण्यासारखं वाटत नाही.

इथे चेन्नईतली एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. भारतात एचआयव्हीचा शोध प्रथम लागला तो याच शहरात, १९८६ मध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी तो लावला. या सुनीती माहेरच्या गायतोंडे! चेन्नईत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घरातल्या. १९९३ मध्ये त्यांनी रुग्णांसाठी संस्था काढली तिला वडिलांचं नाव दिलं, वाय. आर. गायतोंडे यांच्या आद्याक्षरांवरून वायआरजी केअर. २०१५ मध्ये त्या गेल्या, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. ‘चेन्नईत मराठी माणसं असतात?’ असं मला दर सुट्टीत गावी कोणीतरी विचारतं. आता मी हेच उत्तर देणार आहे.

चेन्नईचा संबंध ग्रोव्हरांच्या सगळ्यात गाजलेल्या खटल्यातही आहे. रक्ताच्या एका प्रकारच्या कर्करोगावर इमॅटिनिब नावाचं औषध आहे. नोवार्टिस या स्विस कंपनीचं ते ग्लिव्हेक नावाने मिळायचं, महिन्याचा खर्च साधारण १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत. नोवार्टिसने औषधाच्या एका नव्या रूपाचं पेटंट मागितलं, ते २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने नाकारलं. जुन्याच औषधाचं रूप बदललं तर त्याने गुण जास्त यायला हवा, तरच पेटंट, असं आपला कायदा सांगतो. कंपनीने त्या कलमालाच मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ते २००७ मध्ये फेटाळलं गेलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनची बाजू ग्रोव्हरांनी मांडली. १ एप्रिल २०१३ला न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या पीठाने कंपनीचं अपील फेटाळलं. या वेळी अशीलही जिंकले. महिन्याला लाखभर रुपये कुठून आणायचे म्हणून घर विकायला काढणाऱ्या किती कुटुंबांची घरं या निकालाने राहिली असतील!

या सगळ्याच्या मध्येच, २००८ ते २०१४ अशी सहा वर्षं, ग्रोव्हर संयुक्त राष्ट्रांचे आरोग्य हक्काविषयीचे विशेष प्रतिवेदक होते. नाव भारदस्त आहे, पण या पदाला पगार नसतो आणि हुकूम सोडायचा अधिकारही नसतो. देशोदेशी जायचं, बघायचं, अहवाल लिहायचा आणि सरकारांना अडचणीचे प्रश्न विचारायचे. फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर ते २०१२ मध्ये जपानला गेले, तिथल्या लोकांच्या आरोग्याचं काय झालं ते लिहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या, परदेशात राबणाऱ्या मजुरांच्या आरोग्यावर अहवाल दिले. म्हणजे सेलमहून मुंबईला गेलेल्या मजुराचीच गोष्ट, फक्त नकाशा मोठा.

चित्र एकाच रंगात रंगवायला नको म्हणून हेही सांगते. २०१६ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हची परदेशी निधी घेण्याची नोंदणी सरकारने रद्द केली आणि २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा दाखल केला. आरोप त्यांनी नाकारले आहेत. आणि समलैंगिकतेच्या ३७७ कलमाबाबतचा ‘नाझ फाउंडेशन’चा खटला बघा. ग्रोव्हरांनी लढलेला हा खटला २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जिंकला, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात उलटला आणि २०१८ मध्ये दुसऱ्या याचिकांवर पुन्हा सुलटला. माझ्यासारखी तर पहिल्या उलट्यालाच नोकरी बदलेल.

डॉमिनिकचं काय झालं शेवटी, तेही राहिलं. एचआयव्हीबाबतच्या कायद्याचा पहिला मसुदा लॉयर्स कलेक्टिव्हने लोकांशी बोलून तयार केला होता. खूप वर्षं रेंगाळून २०१७ मध्ये संसदेत कायदा झाला, २०१८च्या सप्टेंबरात लागू झाला. त्यात ज्या गोष्टींना भेदभाव म्हटलं आहे त्यांत एक आहे, माणसाला वेगळं डांबून ठेवणं. ६४ दिवसांचं उत्तर मिळायला अठ्ठावीस वर्षं लागली.

त्याच २०१७ सालचा मानसिक आरोग्याचा कायदा तुम्ही लक्षात ठेवा, कारण तो रस्त्यावर कधीही लागतो. मनाचा आजार असलेली बेघर व्यक्ती दारिद्र्यरेषेचं कार्ड नसलं तरी सरकारी ठिकाणी मोफत उपचाराला पात्र आहे. अशी व्यक्ती भटकताना आढळली तर पोलिसांनी तिला चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही, आणि हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोध घ्यायचा. चेन्नईत वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोघींनी १९९३ मध्ये ‘द बॅनियन’ सुरू केली ती अशाच स्त्रियांसाठी. तेव्हा त्या माझ्याच वयाच्या आसपास होत्या. आपल्याकडे कर्जतला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ हेच काम करते, त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं. आणि तिकडे बॉस्टनमध्ये १९९३ मध्येच बॅरी झुकरमन नावाच्या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयात चक्क वकील नेमले. दमेकरी मुलाला औषध देऊन काय उपयोग, घरातली ओल घरमालक काढतच नसेल तर? डॉक्टरच्या चिठ्ठीने घरमालक हलत नाही, वकिलाच्या पत्राने हलतो. ही कल्पना मला इतकी आवडली, की भावाला म्हटलं, पास झालास की पहिलं काम हेच शोध. तो म्हणाला, आधी पास होऊ दे.

बाबा हे ऐकत होते. ते म्हणाले, “वकिलाने खोऱ्याने पैसे मिळवावेत आणि मग दवाखान्याला देणगी द्यावी, ही जुनी पद्धत काय वाईट होती?” बाबांच्या बोलण्याला मैलापुरात पुरावा आहे, हे मान्य करायला हवं. लझ कॉर्नरला रानडे ग्रंथालय आहे, आपल्या न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांच्या नावाचं. ते उभं करणारे व्ही. कृष्णस्वामी अय्यर मैलापूरचे नामांकित वकील. त्यांनीच इथे गरिबांसाठी आयुर्वेदिक दवाखाना काढला, संस्कृत कॉलेज काढलं, इंडियन बँकेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पण देणगीतून दवाखाना उभा राहतो, खिडकीवरचा फॉर्म बदलत नाही. मी हे बाबांना म्हटलं. ते ‘हं’ म्हणाले. आमच्या घरात ‘हं’ म्हणजे अर्धी कबुली.

पाटींसाठी मी महापालिकेच्या १९१३ या क्रमांकावर फोन केला होता. बेघरांच्या निवाऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये आदेश दिले. तेव्हापासून मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे किमान एक, चोवीस तास उघडा निवारा अपेक्षित आहे, आणि चेन्नईत असे निवारे आहेत. दोन माणसं आली, पायरीवर बसून पाटींशी शांतपणे बोलली. स्त्रियांचा निवारा आहे, खाट आहे, जेवण आहे, चला. पाटींनी सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या.

मला राग आला. एवढं सगळं करून ‘नाही’? मामींनी विचारलं, का नाही? पाटी म्हणाल्या, तिथून पहाटे चारला फुलांच्या टोपल्यांपाशी कशी येऊ? बस नाही त्या वेळी. चार दिवस आले नाही तर माझ्या जागी दुसरी बसेल.

आदल्याच रात्री मी हे इंग्रजीत वाचलं होतं, सरन्यायाधीशांच्या शब्दांत. तेव्हा किती पटलं होतं! आणि प्रत्यक्षात समोर आलं तेव्हा मी चिडले. ती माणसं मात्र चिडली नाहीत. बहुतेक त्यांना हे रोज ऐकायला मिळत असणार. जखम भरेपर्यंत तरी या, पहाटेचं आम्ही बघतो, असं सांगून गेली. पाटींचा विचार चालू आहे.

तोवर त्या मामींच्या जिन्याखाली झोपतात. आधी दोन दिवस म्हणून, आता तिसरा आठवडा आहे. वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला ते आवडलेलं नाही आणि त्यांनी तसं मामींना सांगितलं. मामींनी त्यांना काय उत्तर दिलं ते तमिळमध्ये होतं आणि वेगात होतं, त्यामुळे मला कळलं नाही. विषय तिथेच संपला एवढं कळलं.

रुग्णालयाने दिलेलं कार्ड पाटींनी डब्यात ठेवलं आहे. काल त्यांनी ते माझ्यापुढे धरलं आणि वर काय लिहिलंय ते वाच म्हणाल्या. मी वाचलं. नाव, वय, मग मामींचा पत्ता. चेन्नईत जुन्या इमारतींना दोन-दोन नंबर असतात, जुना आणि नवा, आणि दोन्ही लिहावे लागतात. पाटींनी ते माझ्याकडून तीनदा म्हणून घेतलं, ओठ हलवत, पाठ करायला. मग विचारलं, यातला खरा कुठला, जुना की नवा?

मी म्हटलं, दोन्ही. त्यांना काही ते पटलं नाही. मंगळवारी ड्रेसिंग आहे, तेव्हा खिडकीवरच्या माणसालाच विचारते, म्हणाल्या. या मंगळवारी रजा मी टाकली आहे.